वाचा बसते तेव्हा : शब्द हरवलेल्या माणसांचा इतिहास

१/
घसा बसतो, आवाज बसतो, तशी मराठीत वाचाही 'बसते'. बसलेली वाचा नाहीशी झालेली नसते; ती आतच कोठेतरी असते, बाहेर येऊ शकत नाही एवढेच. पक्षाघाताच्या झटक्यानंतर मेंदूतील भाषेशी निगडित भागांना इजा पोहोचून बोलणे, ऐकलेले उमगणे, वाचणे वा लिहिणे यांत जो बिघाड होतो, त्याला 'अफेझिया' अथवा 'वाचाघात' म्हणतात. बहुतेक माणसांत ही इजा मेंदूच्या डाव्या अर्धगोलात झालेली असते. म्हणूनच अनेकदा शरीराची उजवी बाजूही लुळी पडते.

२/
या विकाराचा इतिहास पुस्तकांत बहुधा पॅरिसमधील एका शवविच्छेदनापासून सुरू होतो. त्या इतिहासाचा नायक मेंदू आहे. त्याला समांतर असा दुसरा एक इतिहास आहे आणि त्याचे नायक वाचाघातानंतर जगत राहिलेली माणसे आहेत. शब्द हरवल्यावर माणूस चांगले जगू शकतो काय? जगला असेल, तर कशाच्या बळावर? हा धागा त्या दुसऱ्या इतिहासाचा आहे.

३/
लंडन, जून १७८३. इंग्रजीचा विख्यात शब्दकोश १७५५ साली सिद्ध करणारे सॅम्युएल जॉन्सन तेव्हा ७३ वर्षांचे होते. १६ जूनच्या रात्री ते झोपेतून जागे झाले, तो डोक्यात क्षणभर गोंधळ माजल्यासारखे झाले. देह पीडला तरी बुद्धी राख, अशी त्यांनी देवाची करुणा भाकली. आणि बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी ती प्रार्थना लॅटिन पद्यात रचली. ओळी फारशा चांगल्या उतरल्या नाहीत, पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळले, यावरून बुद्धी ठिकाणावर असल्याचा निर्वाळा त्यांनी स्वतःच दिला. थोड्याच वेळात ध्यानात आले, की वाचा गेली आहे.

४/
उजाडल्यावर जॉन्सन यांनी चिठ्ठी लिहून नोकराच्या हाती दिली. नोकर बोलत बोलतच आत आला होता. मालक समोर असताना ही चिठ्ठी वाचायची कशासाठी, हे त्याला चटकन उमगेना. मग शेजारी एडमंड ॲलन यांना दुसरी चिठ्ठी गेली. ती लिहिताना हात भलतीच अक्षरे काढी, हेही जॉन्सन यांनी टिपून ठेवले आहे. डॉक्टर आले, आणि पुढील काही दिवसांत वाचा हळूहळू परतू लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात या गृहस्थांनी आपल्या स्नेह्यांसाठी 'एसेक्स हेड क्लब' हे नवे मंडळ स्थापन केले. या मंडळाचा मुख्य उद्योग होता गप्पा मारणे. १७८४च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. पण झटक्यानंतरचे दीड वर्ष त्यांनी पत्रे लिहीत आणि माणसे जमवीत घालविले.

५/
जॉन्सन यांचा वाचाघात सौम्य होता. फ्रान्समधील माँपेल्ये येथील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाक लोर्दा यांचा तसा नव्हता. १८२५ साली आजारपणात त्यांचे बोलणे जवळजवळ बंद झाले, वाचनही गेले. पुढे बरे झाल्यावर त्यांनी आपला अनुभव सविस्तर मांडला. वाचाघात झालेल्या वैद्यानेच त्याचे वर्णन आतून केले आहे, म्हणून हे निवेदन मोलाचे ठरते. शब्द नसतानाही आपले विचार चालू होते, ख्रिस्ती धर्मातील त्रयीसारख्या गहन विषयावर आपण मनन करू शकत होतो, असा त्यांचा दावा होता. एके दिवशी ग्रंथालयातील एका जाड ग्रंथाच्या पाठीवरचे 'हिपोक्रेटिसचे ग्रंथ' या अर्थाचे लॅटिन शीर्षक त्यांना अचानक वाचता आले आणि त्यांच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहू लागले.

६/
पॅरिसचे वैद्य आर्माँ त्रूसो यांना लोर्दा यांचा दावा पटला नाही. वाचाघातात बुद्धीही थोडी लंगडी पडतेच, असे त्यांचे मत होते. पूर्वी उत्स्फूर्त व्याख्याने देणारे लोर्दा आजारानंतर ती लिहून आणून वाचतात, याकडे त्यांनी बोट दाखविले. हाच पुरावा उलट बाजूनेही वाचता येतो. तोंडी बोलणे पूर्वीसारखे जमत नाही हे ओळखून लोर्दा यांनी कागदाचा आधार घेतला आणि अध्यापन सोडले नाही. १८७० साली ते वारले तेव्हा त्यांचे वय ९० च्या बरेच पुढे गेले होते.

७/
आता तो प्रसिद्ध प्रसंग. एप्रिल १८६१, पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालय. शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे ५१ वर्षांचा एक रुग्ण पायाच्या गंभीर संसर्गासाठी आणला गेला. तो २१ वर्षे त्याच रुग्णालयात होता आणि 'ताँ' या एका अवयवाखेरीज जवळजवळ काही बोलत नसे. म्हणून सगळे त्याला 'ताँ' म्हणत. रुग्णाचा मृत्यू १७ एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळापुढे ठेवला. डाव्या अग्रभागातील इजा पाहून वाणीचे स्थान मेंदूत नेमके दाखविता येते, हा विचार रुजला. तो भाग आज 'ब्रोकाचे क्षेत्र' म्हणून ओळखला जातो.

८/
त्या रुग्णाचे वाचाहरण पक्षाघाताच्या झटक्याने झाले होते असे म्हणता येत नाही. त्याला लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. पण ब्रोका यांनी टिपलेला एक तपशील वाचाघाताच्या सर्वच इतिहासासाठी मोलाचा आहे. येथे येऊन किती वर्षे झाली, असे विचारताच त्याने पाची बोटे चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखविले. २१ वर्षांचा तो हिशेब अचूक होता. घड्याळ पाहून त्याला वेळही सांगता येई. आपले म्हणणे समोरच्याला कळले नाही की तो चिडे, आणि रागाच्या भरात एक शिवी मात्र त्याच्या तोंडून स्पष्ट निघे.

९/
त्याच वर्षी लेलाँ नावाचे ८४ वर्षांचे दुसरे रुग्ण ब्रोका यांनी तपासले. त्यांच्यापाशी पाचच शब्द उरले होते. त्यांपैकी एक होता 'तीन' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा मोडका उच्चार. कोणताही आकडा सांगायचा झाला तरी तोंडातून तोच शब्द निघे, आणि खरा आकडा लेलाँ बोटांवर दाखवीत. चुकीचा शब्द आणि बरोबर उत्तर एकाच क्षणी, एकाच माणसाकडून मिळत होते. ब्रोका यांनी या विकाराला दिलेले नाव पुढे मागे पडले आणि १८६४ साली त्रूसो यांनी सुचविलेले 'अफेझिया' हे नाव रूढ झाले.

१०/
'ताँ'चा मेंदू पॅरिसच्या संग्रहालयात जपून ठेवला गेला, पुढे अनेकदा तपासला गेला. त्या माणसाची मात्र फारशी चौकशी कोणी केली नाही. त्याचे पूर्ण नाव लुई व्हिक्टर लेबोर्न होते, आणि रुग्णालयात येण्यापूर्वी तो जोडे शिवण्यासाठी लागणारे लाकडी साचे घडवीत असे. एवढी माहिती सर्वज्ञात व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. मेंदूचा इतिहास सुरू होण्यासाठी आणि माणसाचा इतिहास उजेडात येण्यासाठी लागलेल्या काळात १५० वर्षांचे अंतर पडले.

११/
भोवतालची माणसे बदलली की तोच आजार किती वेगळा होतो, हे फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर यांच्या अखेरच्या वर्षात दिसते. १८६६ साली बेल्जियममध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाणीतून एक अर्धवट शिवी तेवढी उरली. आनंद, राग, होकार, नकार, सारे त्या एकाच शब्दात. ब्रुसेल्सच्या ज्या रुग्णालयात त्यांना ठेवले, तेथील जोगिणींना त्या शिवीत पापच दिसले. पॅरिसला परतल्यावर मित्र भेटीस येऊ लागले. चित्रकार माने यांच्या पत्नी आणि दुसऱ्या एक स्नेही पियानोवर वागनर यांचे संगीत त्यांना ऐकवीत. शिवी तीच राहिली, तिच्यातील भाव ओळखणारे कान मात्र बदलले. १८६७च्या ऑगस्टअखेर ते वारले.

१२/
विसाव्या शतकातील दोन महायुद्धांनी डोक्यात गोळी लागलेले हजारो तरुण सैनिक मागे ठेवले. त्यांना पुढे अनेक वर्षे जगायचे होते, त्यामुळे इजा कोठे झाली एवढे सांगून भागेना. गेलेले कौशल्य दुसऱ्या वाटेने परत कसे मिळवावे, हा प्रश्न उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत कुर्ट गोल्डश्टाइन यांनी, आणि दुसऱ्या महायुद्धात उरल भागातील रुग्णालयात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी हे काम केले. लुरिया यांच्याकडेच पुढे एका असाधारण संगीतकाराची कहाणी आली.

१३/
विसारिओन शेबालिन (१९०२–१९६३) हे मॉस्को संगीत विद्यालयाचे संचालक होते. १९४८ साली स्टालिन राजवटीने शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह आदी संगीतकारांवर 'रूपवादा'चा ठपका ठेवला, त्या लाटेत शेबालिन यांचेही पद गेले. १९५३ साली त्यांना पक्षाघाताचा पहिला झटका आला. उजवा हात अधू झाला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहायला शिकले. १९५९चा दुसरा झटका भयंकर होता. बोलणे मोडले, इतरांचे बोलणे उमगेनासे झाले, साध्या वस्तूंची नावे आठवेनाशी झाली.

१४/
तरीही स्वर राहिले. दुसऱ्या झटक्यानंतरच्या चार वर्षांत शेबालिन यांनी सोनाटा, तंतुवाद्यांच्या चौकड्या आणि गीते रचली. विद्यार्थ्यांच्या रचना ऐकून त्यांतील दोष ते सुधारीत. १९६२ साली त्यांची पाचवी सिंफनी पूर्ण झाली आणि शोस्ताकोविच यांनी तिची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. लुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली या संगीतकारावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. भाषेची आणि संगीताची यंत्रणा मेंदूत पुष्कळ अंशी वेगळी असू शकते, याचा हा ठळक दाखला ठरला. शेबालिन यांच्यापुरते पाहिले तर त्याचा अर्थ फार साधा होता. सकाळी उठून करण्याजोगे त्यांचे स्वतःचे काम त्यांच्यापाशी शिल्लक होते.

१५/
संगीताचा हा आसरा केवळ प्रतिभावंतांसाठी नव्हता. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी खेड्यातील एका साध्या माणसाची हकीकत नोंदविली आहे. झटक्यानंतर त्याला 'होय' एवढाच शब्द बोलता येई. पण कोणी सुरुवात करून दिली की आजारापूर्वी पाठ असलेली स्तोत्रे तो शब्दांसह स्पष्ट गाई. २०० हून अधिक वर्षांनी, १९७३ साली, अमेरिकेत याच अनुभवावर आधारलेली उपचारपद्धती मांडली गेली. तिच्यात छोटी वाक्ये सुरावर, डाव्या हाताने ठेका धरीत म्हणवून घेतली जातात आणि मग सूर हळूहळू काढून घेतला जातो. काही रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो.

१६/
अमेरिकन अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांना 'हड' चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, मेंदूतील रक्तवाहिन्यांचे फुगे फुटून त्यांना रक्तस्राव झाला. त्या वेळी त्या गरोदर होत्या. सुमारे तीन आठवडे त्या बेशुद्ध होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा उजवी बाजू लुळी आणि शब्द विस्कटलेले. ऑगस्टमध्ये त्यांना मुलगी झाली, ती सुखरूप होती. पती, लेखक रोआल्ड डाल, त्यांना इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडन या गावी घेऊन आले. आठवड्यातून थोडाच वेळ मिळणाऱ्या वाचोपचारावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी शेजारीपाजारी आणि मित्रमैत्रिणींच्या पाळ्या लावल्या. रोज काही तास कोणीतरी येऊन नील यांच्याशी बोले, वाचून घेई, कोडी सोडवून घेई.

१७/
या शेजाऱ्यांत व्हॅलरी ईटन ग्रिफिथ होत्या. वाचोपचाराचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. शाळकरी धडे गिरवून घेण्यापेक्षा, समोरच्या प्रौढ बाईला काय आवडते, कशाने हसू येते, कशाचा राग येतो, यावरून त्या बोलण्याचे विषय काढीत. १९६७ साली नील यांनी न्यूयॉर्कमधील सभेत जाहीर भाषण केले आणि १९६८च्या 'द सब्जेक्ट वॉज रोझेस' मधील भूमिकेसाठी त्यांना पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले. ग्रिफिथ यांनी आपला अनुभव १९७० साली पुस्तकरूपाने मांडला. त्यातून पुढे ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी वाचाघाताच्या रुग्णांच्या घरी जाऊन संवाद साधण्याची योजना उभी राहिली.

१८/
या कहाणीला दुसरी बाजूही आहे. डाल यांची शिस्त कठोर होती आणि आपल्याला त्या काळी तिचा संताप येई, हे नील यांनी आत्मचरित्रात लपविलेले नाही. पुढे १९८३ साली दोघांचा घटस्फोट झाला. बरे होणे आणि चांगले जगणे या दोन गोष्टी नेहमी जोडीने चालत नाहीत. ज्याची वाचा बसली आहे त्याला 'आज पुरे' म्हणण्याचा अधिकार असतो, आणि तो शब्द उच्चारता आला नाही तरी असतो.

१९/
१९७९ साली कॅनडातील टोरांटो येथे पॅट अराटो यांनी वाचाघाताच्या रुग्णांसाठी केंद्र सुरू केले. त्यांच्या पतीलाच हा विकार झाला होता. तेथे वाढलेल्या कामातून ऑरा केगन यांनी १९९०च्या दशकात संवादाची एक पद्धत मांडली. तिच्यात शिकवणी रुग्णाइतकीच समोरच्या माणसाला दिली जाते. लहान वाक्ये बोलावीत, महत्त्वाचा शब्द कागदावर लिहावा, 'हो' किंवा 'नाही'ने उत्तर देता येईल असे विचारावे, बोट दाखविण्यासाठी चित्रे ठेवावीत आणि उत्तरासाठी थांबावे. अडखळण्याच्या क्षणी स्पष्टपणे सांगावे, की तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. लोर्दा यांचा १५० वर्षांपूर्वीचा युक्तिवाद येथे रोजच्या व्यवहाराचा नियम झाला.

२०/
स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर हे व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. १९७४ साली बाल्टिक समुद्रावरील त्यांचे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. त्यात पक्षाघाताने भाषा गमावलेला, तरी स्वररचना करीत राहिलेला एक संगीतकार येतो. कवितेत त्याचे नाव नाही. तो शेबालिन, असे अभ्यासक सांगतात. १९९० साली, वयाच्या ५९व्या वर्षी, ट्रान्सट्रोमर यांनाच पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणे मोजक्या शब्दांवर आले.

२१/
त्यानंतर ते २४ वर्षे जगले. डाव्या हाताने पियानो वाजवीत राहिले; केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना जगात बऱ्याच आहेत, आणि काही स्वीडिश संगीतकारांनी खास त्यांच्यासाठी नव्या लिहिल्या. १९९६ साली एक काव्यसंग्रह आला. २००४च्या संग्रहात हायकूच्या घाटाच्या अगदी छोट्या कविता होत्या. पत्नी मोनिका यांना त्यांच्या एखाद्या उद्गारावरून, नजरेवरून पूर्ण वाक्य कळे. त्या ते बोलून दाखवीत आणि ते मान डोलावीत किंवा नाकारीत. २०११ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. स्टॉकहोममध्ये नेहमीच्या व्याख्यानाऐवजी त्यांच्या कवितांचे वाचन आणि संगीत असा कार्यक्रम झाला; मेजवानीतील भाषण त्यांच्या वतीने मोनिका यांनी वाचले. मार्च २०१५ मध्ये ते निवर्तले.

२२/
या सर्वांत समान काय? पूर्ववत कोणी झाले, कोणी झाले नाही. ज्यांचे जगणे चांगले झाले, त्यांच्यापाशी दोन गोष्टी दिसतात. एक, स्वतःचे असे काही काम: जॉन्सन यांचे मंडळ, लोर्दा यांची लिखित व्याख्याने, शेबालिन यांचे स्वर, नील यांचा अभिनय, ट्रान्सट्रोमर यांचा डावा हात. दुसरी, थांबायला तयार असलेला निदान एक माणूस. आपल्या घरांत वाचाघात झालेल्या आजोबांशी बहिऱ्याशी बोलावे तसे मोठ्याने बोलले जाते, त्यांचे वाक्य दुसराच कोणी पुरे करतो, त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलले जाते. हे सारे प्रेमापोटी घडते. परिणाम मात्र बिसेत्रच्या 'ताँ'सारखाच होतो.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात आणखी एक धडा आहे. दफ्तरे शब्दांनी भरलेली असतात. ज्यांच्यापाशी शब्द उरले नाहीत, त्यांच्याविषयी इतरांनीच लिहिलेले असते. अशा माणसांचा शोध घ्यायचा तर लिहिणाऱ्याच्या निष्कर्षाआधी त्याने टिपलेले बारीकसारीक तपशील वाचावे लागतात. ब्रोका यांच्या अहवालात लेबोर्न यांचा मेंदू कित्येक परिच्छेद व्यापतो आणि त्यांची बोटे एखादे वाक्य. त्या एका वाक्यात एका माणसाने आपल्या आयुष्यातील २१ वर्षे, एकही शब्द न उच्चारता, बिनचूक मोजून दाखविली आहेत.